एका पापलेटाला किती बांगडे?

या सदरासाठी आलेलं एक पत्र असं आहे :

«मॅडम, मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गेली चाळीस वर्षं डोंबिवलीत. निवृत्त झाल्यावर बाजाराची पिशवी माझ्या हातात आली. घरात आम्ही दोघं आणि शिकायला आलेली नात. बायको महिन्याच्या पहिल्या तारखेला मासळीचे म्हणून २४०० रुपये मोजून देते, वर एक रुपया मागायची सोय नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमचे वार. घरात दोनच मासे आवडीने खाल्ले जातात, पापलेट आणि बांगडा. तिघांच्या एका जेवणापुरतं पापलेट ४५० ला पडतं, बांगड्याचा वाटा १५० ला. जानेवारीत काटकसर म्हणून फक्त बांगडा आणला, तेरा वेळा. शेवटी शेवटी बायको वाढूनच घेईना. ४५० रुपये उरले. फेब्रुवारीत म्हटलं, खायचं तर पापलेट. पाच वेळा आणलं आणि महिना अर्धा व्हायच्या आत खिसा रिकामा. राहिलेल्या दीडशेत एकदा बांगडा, मग अंडीच अंडी. मार्चमध्ये शहाणा झालो, बाराशे-बाराशेची दोन पाकिटं केली. आठ वेळा बांगडा झाला, दोनदा पापलेट, आणि पापलेटच्या पाकिटात ३०० रुपये तसेच पडून, कारण तेवढ्यात पापलेट येत नाही. नात बारावी कॉमर्सची परीक्षा देऊन मोकळी झालीय. ती म्हणते, "आजोबा, याचा नियम आहे आमच्या पुस्तकात." वहीत एक तिरकी रेघ आणि तिला टेकलेली एक वाकडी रेघ काढून दाखवली. मला काही बोध झाला नाही. साधं सांगा, पापलेट किती वेळा आणू आणि बांगडा किती वेळा?
पिशवीवाला, डोंबिवली»

काका, उत्तर आधी देते, नाहीतर बुधवारचा बाजार निघून जायचा. तुम्ही लिहिलेल्या भावात, आणि तुमच्या घराची जी आवड पत्रातून मला दिसते ती धरून, महिन्याला तीन वेळा पापलेट आणि सात वेळा बांगडा. पापलेटचे १३५०, बांगड्याचे १०५०, झाले २४००. दहा वार भागले. उरलेल्या दोन-तीन वारांना अंडी करा किंवा कुळथाची पिठी. वेंगुर्ल्याच्या माणसाला पिठीचं वावडं नसावं.

आता हे तीन-सात आलं कुठून ते सांगते. मी अठ्ठावीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. दरवर्षी हा धडा यायचा आणि दरवर्षी मी फळ्यावर सफरचंदं खायचे. पहिल्या सफरचंदाला इतकं समाधान, दुसऱ्याला त्याहून कमी, असं करत सहाव्यावर शून्य. एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण लागोपाठ सहा सफरचंदं खातं कोण?" वर्ग हसला, मीही हसले, पण प्रश्न मनात राहिला. तुमचं पत्र वाचलं तेव्हा वाटलं, हे उदाहरण तेव्हा हाताशी असतं तर किती बरं झालं असतं. तेरा वेळा बांगडा खाणारं घर मला आज सापडलं.

तीन महिन्यांत तुम्ही तीन वेगळे प्रयोग केलेत, पण तिन्ही वेळा मनात प्रश्न एकच होता. बांगडा बरा की पापलेट बरं? जानेवारीत उत्तर आलं बांगडा, कारण स्वस्त. फेब्रुवारीत आलं पापलेट, कारण चवदार. मार्चमध्ये दोघांना सारखा मान दिलात. पण बाजारात उभं असताना "पापलेट" आणि "बांगडा" यांच्यात निवड करायची वेळ कधी येतच नाही. निवड असते ती आजच्या पापलेटात आणि आजच्या बांगड्यात. या महिन्यात आधी काय काय होऊन गेलंय, त्यावर पुढच्याची किंमत ठरते. पुस्तकात यालाच सीमांत उपयोगिता म्हणतात. सीमांत म्हणजे काठावरची, आणखी एक नग घेतल्याने समाधानात जी भर पडते तेवढीच. उपयोगिता या शब्दाने मात्र फसू नका. त्याचा उपयुक्ततेशी संबंध नाही. जे हवंसं वाटतं त्याला उपयोगिता आहे, मग ती तंबाखू का असेना. या शब्दाने मुलं दरवर्षी गोंधळायची आणि पेपरात लिहायची की पुस्तकाला उपयोगिता असते, सिगारेटला नसते. मी गुण कापायचे.

तर तुमच्या घरासाठी मी गुण मांडलेत. आकडे माझे आहेत, तुमच्या तक्रारींवरून अंदाजाने बसवलेले. नंतर तुम्ही ते खोडून तुमचे लिहायचेत.

महिन्यातलं पहिलं पापलेट : ९० गुण. दुसरं ७५, तिसरं ६०, चौथं ४२, पाचवं ३०.

महिन्यातला पहिला बांगडा : ४० गुण. मग ३६, ३३, २९, २६, २३, सातवा २०. पुढे १६, १२, ८, ५, बारावा २, आणि तेरावा शून्य.

तेराव्याला शून्य मी काकूंच्या वतीने दिलाय. ताटात वाढूनच घेतलं नाही, म्हणजे आणखी काय?

नुसते हे गुण पाहिले तर पापलेट प्रत्येक वेळी वरचढ दिसतं. पाचवं पापलेटसुद्धा पाचव्या बांगड्यापेक्षा चार गुणांनी वर. फेब्रुवारीत तुम्ही इथेच फसलात. गुण पाहिलेत, भाव विसरलात. एक पापलेट आणायचं म्हणजे तीन बांगडे सोडायचे. म्हणून पापलेटचे गुण तीनने भागून बघायला हवेत, म्हणजे दर दीडशे रुपयांमागे किती गुण पडतात ते कळतं. पहिलं पापलेट ३०, दुसरं २५, तिसरं २०, चौथं १४, पाचवं १०. बांगड्याचे गुण आहेत तसेच, कारण तो दीडशेचाच.

२४०० म्हणजे दीडशेच्या सोळा चिठ्ठ्या समजा. प्रत्येक चिठ्ठी जिथे जास्त गुण मिळतील तिथे टाकत चला. पहिल्या तीन बांगड्याला जातील : ४०, ३६, ३३. मग पहिलं पापलेट ३० च्या दराने, त्याने तीन चिठ्ठ्या खाल्ल्या. मग बांगडे २९ आणि २६. मग दुसरं पापलेट २५ ने. मग बांगडा २३. आता हातात चार चिठ्ठ्या उरल्या आणि दोन्हीकडे एकच दर, वीस. तिसरं पापलेट वीसच्या दराने, सातवा बांगडाही वीसने. तीन चिठ्ठ्या इकडे, एक तिकडे, खेळ संपला. दोन्हीकडचा शेवटचा रुपया सारखंच समाधान देऊन गेला, म्हणून आता इकडचा पैसा तिकडे नेऊन काही कमावता येत नाही.

एकूण गुण ४३२. जानेवारीत तुम्हाला मिळाले २५०, आणि खिशात ४५० रुपये निजलेले. फेब्रुवारीत पाच पापलेट आणि तो एकुलता एक बांगडा मिळून ३३७. मार्चमध्ये ३८८, शिवाय पाकिटात ३००.

मार्चकडे जरा जवळून बघा, कारण तिथे तुम्ही अगदी उंबरठ्यापर्यंत आला होतात. आठवा बांगडा सोळा गुणांचा होता. तो आणला नसता तर दीडशे वाचले असते, पाकिटातल्या तीनशेत मिळवून झाले असते साडेचारशे, आणि तिसरं पापलेट घरात आलं असतं, साठ गुणांचं. सोळा देऊन साठ. पण तुम्ही पाकिटाला हात लावला नाहीत, कारण ठरलं होतं तसं. पाकीटपद्धत आपल्याकडे घराघरांत आहे आणि उधळपट्टीला ती चांगला लगाम घालते, हे मी मान्य करते. माझ्या सासूबाई दूधवाला, वाणी, शाळेची फी अशी पाकिटं खडूने लिहून कपाटात लावायच्या. पण पाकिटात पैसे किती घालायचे, हे पाकीट सांगत नाही. आणि निम्मे-निम्मे हा न्याय वाटणीच्या वेळी भावाभावांत ठीक असतो. बांगड्याला आणि पापलेटला आपल्यावर अन्याय झाला असं वाटण्याची भीती नाही.

गुणांचा कंटाळा आला असेल तर दुसरी वाट सांगते, बाजारात उभ्या उभ्या वापरता येईल अशी. बाजाराचा भाव तुम्हाला ठाऊक आहे : एका पापलेटला तीन बांगडे. आता घरचा भाव काढा. मनात विचारा, आज पापलेटऐवजी बांगडे नेले तर अशी किती जेवणं दिल्यावर घरात कुरकूर होणार नाही? जानेवारीच्या शेवटी घरात पापलेट एकदाही शिजलं नव्हतं, तेव्हा एका पापलेटसाठी काकूंनी आठ बांगडे आनंदाने सोडले असते. घरचा भाव आठ, बाजारचा तीन. म्हणजे बाजारात पापलेट तुमच्या दृष्टीने स्वस्त मिळतंय, घ्यायलाच हवं होतं. फेब्रुवारीत उलटं. पाचव्या पापलेटच्या बदल्यात कोणी एक बांगडा दिला असता तरी घर खूष झालं असतं. घरचा भाव एकाहूनही कमी, आणि बाजार तर तीन बांगडे द्यायला तयार बसलाय! तिथे पापलेट घेणं म्हणजे तोट्याचा सौदा. घरचा भाव बाजारच्या भावापाशी येऊन टेकला की थांबायचं. तिसऱ्या पापलेटपाशी तो तीनला येतो.

नातीच्या वहीतल्या रेघा याच. तिरकी रेघ म्हणजे तुमचे २४०० रुपये : एका टोकाला नुसते सोळा बांगडे, दुसऱ्या टोकाला पाच पापलेट आणि वर थोडं. रेघेच्या बाहेरचं काही परवडत नाही. तिचा उतार म्हणजे बाजारचा भाव. वाकडी रेघ म्हणजे समवृत्ती वक्र. त्यावरच्या प्रत्येक ठिकाणी घर सारखंच समाधानी असतं, आणि त्याचा उतार जागोजागी बदलतो, तो घरचा भाव. दोघींचा उतार जिथे एक होतो तिथे त्या एकमेकींना टेकतात. मुलीने बरोबर काढलंय. फक्त आजोबांना समजावताना आखांवर मासे लिहायचे राहिले असतील, क्ष आणि य लिहिलं असेल. आमच्यासारख्यांनी शिकवलेलं आहे, तिचा दोष नाही.

या दोन वाटांच्या मागे बराच इतिहास आहे. गुण देऊन हिशेब करण्याची पहिली वाट १८५४ साली हेर्मान हाइनरिश गोसेन या जर्मन माणसाने स्वच्छ मांडली. आधी सरकारी नोकरी केलेला हा गृहस्थ. त्याचं पुस्तक कोणी घेतलं नाही. वैतागून त्याने न खपलेल्या प्रती परत मागवल्या आणि १८५८ मध्ये वारला. पुढे १८७१ मध्ये इंग्लंडमध्ये जेव्हन्सने आणि व्हिएन्नात मेंगरने, त्यामागून १८७४ मध्ये फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ वालरासने, गोसेनला न वाचता जवळपास हेच मांडलं. जेव्हन्सला त्याचं पुस्तक नंतर सापडलं, आणि १८७९ मध्ये त्याने आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत मोकळेपणाने कबूल केलं की हा माणूस आपल्या आधी इथे येऊन गेलाय. असा दिलदारपणा आमच्या क्षेत्रात फारसा आढळत नाही.

माझं आवडतं उदाहरण मात्र इंग्लंडच्या मार्शलचं आहे, १८९० चं. त्याने जुन्या काळची एक गृहिणी घेतली. वर्षभराच्या मेंढ्यांच्या लोकरीच्या मोजक्या लडी तिच्याकडे आहेत. त्यातून घरच्यांसाठी मोजे विणायचे आणि अंगात घालायच्या बंड्याही. सगळं विणून झाल्यावर जर तिला वाटलं, अरेरे, मोजे थोडे जास्त आणि बंड्या थोड्या कमी करायला हव्या होत्या, तर तिची वाटणी चुकली. बस. सगळा नियम त्या "अरेरे"त आहे. तुम्हाला जानेवारीत पापलेटची हळहळ होती, फेब्रुवारीत बांगड्याची. मार्चच्या शेवटी पाकिटातल्या तीनशेकडे बघून झाली, ती पुन्हा पापलेटची.

दुसरी वाट का काढावी लागली? कारण समाधानाला गुण द्यायचे कसे, हा आक्षेप रास्त होता. चाळीस म्हणजे चाळीस काय? किलो की लिटर? इटलीच्या पारेतोने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हटलं की मोजमापाची गरज नाही, हे ताट त्या ताटापेक्षा बरं एवढं सांगता आलं तरी पुरे. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन या दोघांनी त्यावर पक्की मांडणी उभी केली. म्हणून माझे आकडे तुम्ही फार मनावर घेऊ नका. ९० च्या जागी ९०० लिहिलेत आणि सगळ्यांनाच दहाने गुणलंत, तरी तीन-सात तसंच राहील.

आता मला खटकलेली गोष्ट. तुमच्या पत्रात काकू तीन वेळा येतात : पैसे देताना, पैसे नाकारताना आणि ताटाकडे पाठ फिरवताना. त्यांना काय आवडतं, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. नातीचंही नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात "उपभोक्ता" एकटाच असतो, त्याला बायको नसते, दात दुखत नाहीत. घरात मात्र तीन जिभा आहेत. बांगड्याचे काटे नातीला सोडवता येतात का? काकूंना पापलेट आवडतं की तुम्हाला आवडतं म्हणून त्या करतात? माझं ऐका, येत्या रविवारी जेवणं झाल्यावर एका कागदाचे तीन तुकडे करा आणि प्रत्येकाने एकमेकांचं न बघता लिहायचं : या महिन्यात एक पापलेट सोडायचं तर बदल्यात किती बांगडे हवेत? तिघांचे आकडे वेगळे येतील. ते कसे जुळवायचे याचं सूत्र माझ्याकडे नाही, आणि कोणी आहे म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पण निदान आतापर्यंत एकाच जिभेचा हिशेब चालला होता, हे तुम्हाला दिसेल.

त्यातच आणखी एक भाव लपलाय. बांगडा दीडशेला, हे तुमचं. घरी आणल्यावर त्याचे कल्ले काढायचे, पोट साफ करायचं, चिरा द्यायच्या, मग ओट्यावर लिंबू घासत बसायचं, हे कोण करतं? बाजारातली मावशी कापून देत असेल तर प्रश्न मिटला. नाहीतर प्रत्येक वाट्यामागे काकूंचा अर्धा-पाऊण तास धरा. पापलेटला त्या मानाने कमी खटपट. हा वेळ मोजलात तर बांगडा दीडशेचा राहत नाही, आणि बाजारचा भाव तीनवरून खाली सरकतो. मग तीन-सातही बदलेल. तेरा वेळा बांगडा साफ केल्यावर पाठ फिरवली, तर ती बांगड्याकडेच फिरवली असं का समजायचं?

आणि तेराव्या बांगड्याला शून्य मिळालं त्यात थोडा दोष पद्धतीचाही असेल. गुण असे घसरत जातात या नियमाच्या अटी नातीला पाठ असतील, विचारा तिला : सगळे नग सारखे हवेत, आणि मध्ये खंड नको. या अटी मोडल्या की गुण घसरायचे थांबतात. रविवारी बांगडा, बुधवारी बांगडा, शुक्रवारी बांगडा अशी रांग लावली तर कोणीही कंटाळेल. मध्ये पापलेट आलं, एक वार पिठी झाली, की पुढच्या बांगड्याला पुन्हा भूक लागते. शिवाय एकदा तिरफळं घालून तिखलं, एकदा तव्यावर तळलेला, एकदा नुसता मीठ-हळद लावून निखाऱ्यावर भाजलेला, हे जिभेच्या हिशेबात तीन वेगळे जिन्नस आहेत. डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये निखारे कुठले म्हणाल, तर गॅसच्या जाळीवरही जमतं, खिडकी उघडी ठेवून. शेजारी शाकाहारी असतील तर तुमचं तुम्ही बघा.

आता जूनचं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर साधारण जून-जुलै असे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. माल कमी येतो, भाव चढतात. समजा तुमचं ४५० चं पापलेट ६०० झालं आणि बांगडा, सोयीसाठी म्हणू, दीडशेलाच राहिला. आता एका पापलेटला चार बांगडे. तिसऱ्या पापलेटचे साठ गुण चारने भागले की पंधरा, आणि आठवा बांगडा सोळाचा. म्हणजे तिसरं पापलेट गेलं, आठवा बांगडा आला. दोन पापलेट बाराशेला, आठ बांगडे बाराशेला. बघा, तुमची ती निम्मी-निम्मी पाकिटं जूनमध्ये नेमकी बरोबर ठरतात! पण हा योगायोग आहे, पुन्हा पाकिटं काढू नका. उत्तम वाटणी करूनही एकूण गुण ४३२ वरून ३८८ वर येतात. २४०० रुपये तेच, तरी घर थोडं गरीब झालं. प्रत्यक्षात जूनमध्ये बांगडाही महागेल, तेव्हा दोन्ही नवे भाव घालून चिठ्ठ्यांचा खेळ पुन्हा मांडा. शिवाय सुकट आणि सुके बोंबील या तिसऱ्या-चौथ्या मालालाही रांगेत घ्या. तुम्ही वेंगुर्ल्याचे, मे महिन्यात सुकं भरून ठेवायला मी सांगायला नको. पुढे श्रावण पाळत असाल तर सगळ्याच मासळीचे गुण महिनाभर शून्य, आणि २४०० काकूंकडेच राहतील.

दर वेळी असा हिशेब करत बसावं लागेल का, असं तुम्ही विचारणार. नाही. पहिले दोन महिने कॅलेंडरवर नोंद ठेवा : बुधवारी पा, शुक्रवारी बां, आणि पुढे एक खूण, ताट स्वच्छ झालं की उरलं. तेवढ्यावरून घरचा भाव तुमच्या बोटांत येईल. आपल्या आया-आज्यांनी लोकरीच्या लडी असोत की तेलाचा डबा, हा हिशेब कागदाशिवायच केला. सातव्या बांगड्याला समोर जिताडं किंवा ताजी सुरमई दिसली आणि मावशीने हाक मारली, तर तो बांगडा जाऊ द्या. जीभ चाळवली की यादीतले गुण त्या क्षणी जुने होतात.

एक विचारायचं राहिलं. जानेवारीत ४५० रुपये उरले असं लिहिलंय, आणि फेब्रुवारीचा हिशेब पुन्हा २४०० पासून सुरू होतो. मधले साडेचारशे कुठे गेले, ते पत्रात कुठेच नाही. काकू हे सदर वाचतात का?